नामी दाई झाली : आजीच्या स्मरणाचा धडा

वाचनपाठ : रूथ ४:१३-१७, २ तीमथ्य १:५

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एखादी वृद्ध स्त्री प्रभूमध्ये निजली, म्हणजे तिच्या स्मरणार्थ उपासना करण्याची चाल आहे. उपदेशक उभा राहतो व सांगतो, की ती प्रेमळ होती, ती प्रार्थनाशील होती, तिने सर्वांची सेवा केली. इतके झाले की गीत होते, चहा होतो आणि लोक आपापल्या घरी जातात. आठ दिवसांनी त्याच लोकांना विचारावे, की त्या माउलीपासून तुम्ही काय शिकला, तर कोणासही काही सांगता येत नाही. हा दोष त्या मृत स्त्रीचा नव्हे. तिचे स्मरण करविणाऱ्याचा होय. हा दोष आमच्याही हातून घडला आहे, आणि तो आमच्या स्वतःच्या आजीच्या स्मरणोपासनेत घडला. म्हणून त्याची दुरुस्ती या धड्यात करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. नामीची गोष्ट

रूथाच्या पुस्तकाचा शेवट आपण वाचतो, तेव्हा आपले लक्ष बहुधा रूथाकडे व बवाजाकडे असते. परंतु शेवटचे चित्र पाहा. ते एका म्हाताऱ्या विधवेचे आहे. नामीचा नवरा परदेशात मेला, दोन्ही मुलगे मेले, आणि रिकाम्या हाताने ती बेथलेहेमास परत आली. आपले गोड नावही तिला नकोसे झाले होते. अशा स्त्रीच्या उराशी शेवटी एक तान्हे मूल येते, आणि शास्त्र सांगते की ती त्या मुलाची दाई झाली.

हा शब्द लक्षात धरण्याजोगा आहे. शास्त्रलेखकाने नामीला नुसती आजी म्हणून सोडले असते तरी चालले असते. परंतु आजी हे नाते आहे आणि दाई हे काम आहे. नाते जन्माबरोबर आपोआप लाभते. काम मात्र पत्करावे लागते, शिकावे लागते आणि रात्री जागून करावे लागते. नामीला नातू मिळाला हा देवाचा प्रसाद. ती त्याची दाई झाली हा तिचा भक्तिभाव. आजच्या धड्याचे मूळ येथे आहे.

२. डोणगावची आजी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात डोणगाव हे आमच्या आजीचे गाव. काळी जमीन, पूर्वी कापूस व ज्वारी, हल्ली बहुतेक सोयाबीन व तूर. आज गावावरून मोठा रस्ता जातो आणि मोटारी धावतात. परंतु आजीच्या तरुणपणी पावसाळ्यात अडलेल्या बाईला मेहकरास न्यावयाचे म्हणजे बैलगाडी, चिखल आणि दैव यांवर हवाला ठेवावा लागे. त्यामुळे बाळंतपण घरातच होई आणि ते करणारी सुईण ही गल्लीतलीच एखादी वडीलधारी बाई असे.

आमची आजी अशी सुईण होती. ती आपल्या सासूपाशी हे काम शिकली, आणि तिची सासू आपल्या सासूपाशी शिकली होती. रात्री कोणी दाराशी येऊन "आजी, चाल वं" म्हटले की ती कंदील घेऊन निघे. घर कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे ती विचारीत नसे. मोबदला म्हणून कोणी पायली-दोन पायली ज्वारी देई, कोणी लुगडे देई, कोणी काहीच देत नसे. बाळंतिणीला धीर देणे, तिच्या पाठीवर हात फिरविणे, बाळाला अंग पुसून गुंडाळणे, बारा दिवस रोज येऊन न्हाऊ-माखू घालणे, हे ती जीव ओतून करी. कोणी आजारी पडले तरी तिलाच बोलावीत. आमच्या गल्लीची दाई, परिचारिका आणि आजी एकच होती.

येथवर जे लिहिले ते स्मरणोपासनेत आम्ही सांगितले होते, आणि लोकांचे डोळे पाणावले होते. परंतु हा तिच्या चरित्राचा अर्धाच भाग होय.

३. माया होती, ज्ञान नव्हते

पूर्वीच्या सुइणींच्या हातांत माया पुष्कळ होती, पण त्या मायेबरोबर काही घातक रूढीही चालत आल्या होत्या. त्या कोणी दुष्टबुद्धीने पाळीत नसे. आईने सांगितले म्हणून लेक पाळी. त्या आज स्पष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण काही घरांत त्या अद्याप पुरत्या गेलेल्या नाहीत.

पहिली रूढी नाळेची. नाळ कापण्यास घरातला विळा किंवा दाढीचे जुने पाते घेत आणि कापलेल्या जागी राख किंवा शेण लावीत. धनुर्वाताचे जंतू मातीत व शेणातच राहतात. मग पाच-सात दिवसांत बाळाचा जबडा मिटे, ते दूध ओढीनासे होई, अंग ताठ होऊन आकडी येई, आणि लोक म्हणत की सटवाईने नेले. नेले होते ते नाळेवरील शेणाने.

दुसरी रूढी चिकाची. प्रसूतीनंतर आईला जे पहिले घट्ट, पिवळसर दूध येते त्याला घाण समजून ते पिळून टाकीत, आणि दोन-तीन दिवस बाळाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवीत. वास्तविक रोगांपासून राखण करणारी शक्ती या चिकात सर्वांत अधिक असते. देवाने बाळाकरिता पाठविलेली पहिली लसच आपण मातीत ओतीत होतो.

तिसरी रूढी गरोदर स्त्रीच्या अन्नाची. पोट भरून खाल्ले तर मूल मोठे होईल व बाळंतपण अडेल, या भीतीने तिला अर्धपोटी ठेवीत. त्यामुळे मूल अशक्त जन्मे, आणि आईच्या अंगी रक्त नसल्याने बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी ती दगावे.

चौथी रूढी पाण्याची, आणि हिच्याच विषयी आम्हांस विशेष लिहावयाचे आहे.

४. जे आम्ही सांगितले नाही

मुलाला हगवण लागली म्हणजे त्याचे पाणी व दूध तोडावे, आत काही गेले नाही तर बाहेर काही येणार नाही, अशी पूर्वीची समजूत होती. वरवर पाहता ती शहाणपणाची दिसते. परंतु हगवणीत मूल मरते ते बहुधा अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. ज्याचे पाणी निघून चालले आहे त्याचेच पाणी तोडणे, म्हणजे वाळत्या रोपाच्या वाफ्याचे बारे बंद करणे होय.

आमच्या जन्मापूर्वी, १९७५ च्या सुमारास, आमच्या थोरल्या काकांचे पहिले मूल वर्षाचे असता त्याला हगवण लागली. आजी घरातच होती. साऱ्या गल्लीची मुले जिच्या हाती दिली जात, तिच्याच मांडीवर तिचा नातू होता. तिने शिकविल्याप्रमाणे सारे केले. घुटी दिली, पोट शेकले, आणि पाणी बंद केले. मूल ओठ चाटीत होते आणि पेल्याकडे हात करीत होते. काकू पाणी द्यावयास उठली तेव्हा आजीने तिला खाली बसविले. पहाटे मूल गेले.

वाचकहो, यातील दुःखाची गोष्ट आणखी एक आहे. या रोगावरचा उपाय तेव्हा आपल्या देशात ठाऊक झाला होता. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित बंगालच्या सरहद्दीवर आले व त्यांत पटकी उसळली. बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून द्यावयाचे सलाइन पुरेना. तेव्हा त्यांनी मीठ, साखर व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून ठेविले आणि ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आयाबहिणींवर सोपविले. शंभरातील तीस मरत होते ते सुमारे चारांवर आले. पुढे हीच रीत साऱ्या जगाने घेतली व तिने कोट्यवधी मुले वाचविली. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. म्हणजे उपाय निघाला होता. परंतु बनगावाहून डोणगावापर्यंत तो चालत आला नव्हता. ज्ञानाला पाय नसतात. कोणीतरी ते वाहून न्यावे लागते.

५. आजी शाळेत गेली

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सरकारी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई गावोगाव फिरून सुइणींना शिक्षणासाठी बोलावू लागल्या. १९७७ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य योजनेत, दर हजार वस्तीमागे निदान एक दाई शिकलेली असावी, असे ठरले होते. शिक्षण तीस दिवसांचे असे. आठवड्यातून दोन दिवस केंद्रात धडे आणि चार दिवस नर्सबाईबरोबर गावात फिरणे. त्यांच्या देखत निदान दोन बाळंतपणे करावी लागत. तीस दिवसांचा थोडा भत्ता मिळे आणि शेवटी प्रमाणपत्र व साहित्याची पेटी मिळे.

गावातल्या कित्येक सुइणी म्हणाल्या, "शेकडो लेकरं या हातानं काढली, आता या कालच्या पोरीपाशी काय शिकावं?" आमच्या आजीनेही आधी असेच म्हणावे अशी तिची प्रतिष्ठा होती. परंतु ती गेली. पन्नाशीला टेकलेली, अक्षरशत्रू बाई वीस-बावीस वर्षांच्या नर्सबाईपुढे जमिनीवर बसली. तिने काय विचारले हे तिनेच पुढे आम्हांस सांगितले. तिने पहिल्याच दिवशी विचारले, की हगवण लागलेल्या लेकराला पाणी द्यावे की न द्यावे. नर्सबाई म्हणाली, "द्यावे, आजी; जितके जाते तितके द्यावे." आजी उठून बाहेर गेली व भिंतीला टेकून रडली. मग डोळे पुसून परत येऊन बसली. आमच्या समजुतीप्रमाणे तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठे भक्तीचे कृत्य हे परत येऊन बसणे होय.

तेथे तिला पाच स्वच्छता शिकविल्या : हात स्वच्छ, बाळंतपणाची जागा स्वच्छ, पाते नवे व स्वच्छ, नाळ बांधावयाचा दोरा स्वच्छ, आणि नाळेवर काहीही न लावता ती कोरडी व स्वच्छ ठेवणे. लिहिता येत नसल्यामुळे ती पाच बोटांवर हे मोजी, आणि बाळंतिणीच्या घरी पोहोचताच मोठ्याने म्हणे. साबण ती पदराच्या गाठीत बांधून नेई. लोक हसले. पण लहान बाळे पाचवी-सहावीच्या सुमारास आकडी येऊन जात ती हळूहळू जाईनाशी झाली, मग हसणेही थांबले. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई टोचली म्हणजे तिचे संरक्षण पोटातील बाळालाही मिळते. ती सुई घेण्यास ती बायांना हाताला धरून नेई. अशा असंख्य हातांनी मिळून काय झाले, ते साऱ्या देशाने पुढे पाहिले. २०१५ साली भारतातून बाळंतिणीच्या व नवजात बालकाच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

आणि हगवणीचे मूल कोणाच्या घरी असले की ती त्या आईपुढे बसून आपली गोष्ट सांगे. "पानी बंद केलं वं माय मीनं, अन् माह्यं लेकरू गेलं. तुमी नोका करू." हे ती आमच्या काकूच्या देखतही सांगे. ज्या सुनेला तिने त्या रात्री खाली बसविले होते, तिच्यापुढे सासू म्हणे की चूक माझी होती. आपल्या खेड्यांतील सासवांना जे ओळखतात, त्यांना या वाक्याची किंमत सांगावयास नको.

वृद्धपणी तिने आणखी एक गोष्ट केली. २००५ सालापासून दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब स्त्रीला सरकार साहाय्य देऊ लागले आणि पुढे गावात आशाताई आल्या. तेव्हा आजीने आपण होऊन घरची बाळंतपणे सोडली. अडलेली बाई, रक्तस्राव, आकडी, यांना हातातल्या मायेने आवरता येत नाही, तेथे डॉक्टर पाहिजे, हे तिला कळले होते. ज्या कामाने तिला सारा गाव मान देई, ते काम तिने एका तरुण आशाताईच्या हवाली केले, आणि स्वतः तिच्याबरोबर गाडीत बसून बाळंतिणीचा हात धरून जाऊ लागली.

ही सारी हकीकत आम्हांस ठाऊक असता स्मरणोपासनेच्या दिवशी आम्ही ती गाळली. मेलेल्या माणसाची चूक कशी सांगावी, असे वाटले. आता कळते की आम्ही तिच्या चुकीवर पांघरूण घातले नाही. तिच्या पश्चात्तापावर घातले. तिने जी गोष्ट आपल्या तोंडाने शंभर आयांना सांगितली, तीच आम्ही तिच्या शवपेटीबरोबर पुरली.

६. जामखेडच्या आज्या

कोणी म्हणेल, ही एका घरची गोष्ट झाली. तर नगर जिल्ह्यातील जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, काही वर्षे मिशनच्या दवाखान्यात काम केले, आणि १९७० साली जामखेडच्या दुष्काळी टापूत काम उभारले. त्या वेळी तेथे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले वर्षाच्या आत मरत. आरंभी त्यांनी शिकलेल्या नर्सबाया खेड्यांत पाठविल्या. परंतु परगावच्या एकट्या तरुणीला खेड्यात राहणे जड जाई, आणि गावच्या बायाही तिच्याशी मोकळ्या होत नसत. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितले की तुमच्यातलीच एक बाई निवडा.

गावांनी निवडलेल्या बाया बहुतेक निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या वा विधवा, कित्येक नातवंडे असलेल्या. त्या जामखेडास नियमाने येत, एकत्र शिकत, एकत्र जेवत व एकत्र निजत. ज्या बाया गावी एकमेकींच्या हातचे पाणी पीत नसत, त्या तेथे एका पंक्तीला बसल्या. गरोदर बाई तपासणे, बाळाचे वजन घेणे, चीक पाजविणे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी देणे, कुष्ठरोग व क्षय ओळखणे, हे त्या शिकल्या व गावी जाऊन त्यांनी दुसऱ्यांस शिकविले. पुढे त्या टापूतील बालमृत्यू हजारी तिसाच्या आत आले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलबाई १९९९ साली व डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले, पण ते काम थांबले नाही, कारण ते दोघांपाशी ठेविलेले नव्हते.

या बायांपैकी मुक्ताबाई पोळ यांना १९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे आरोग्याच्या एका मोठ्या परिषदेत बोलाविले होते. सभागृहात वर झगमगणारी झुंबरे होती. मुक्ताबाईंनी वातीचे दोन दिवे काढले व एक पेटविला. त्यांच्या सांगण्याचा आशय असा होता, की ही झुंबरे सुंदर आहेत, पण ती महाग आहेत आणि एकीकडून दुसरीकडे नेता येत नाहीत. माझा दिवा लहान आहे, पण तो झोपडीत नेता येतो, आणि त्यावर दुसरा दिवा लागतो. असे म्हणून त्यांनी दुसरा दिवा पहिल्यावर लाविला. बनगावचे ज्ञान डोणगावास का पोहोचले नव्हते आणि ते कसे पोहोचावयाचे, याचे उत्तर त्या दोन दिव्यांत आहे.

आमच्या विदर्भातही याचा पडताळा आला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरी शुश्रूषा करण्यास शिकविले. १९९३ ते १९९८ या काळात पहिल्या महिन्यात मरणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. ही हकीकत १९९९ साली विलायतेतील 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापली. डॉक्टरांनी शिकविले; वाचविले ते गावच्या हातांनी.

७. शुश्रूषेची किंमत

शिकणे हा शुश्रूषेचा एक भाग. दुसरा भाग स्वतःला खर्चणे हा होय. याचे उदाहरण महाराष्ट्रास नवे नाही. सावित्रीबाई फुले यांना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो. अध्यापनाचे शिक्षण त्यांनी नगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्याकडे घेतले, हेही आपल्या मंडळ्यांस ठाऊक असावे. परंतु त्यांचा अंत शिक्षिकेचा नव्हता, परिचारिकेचा होता. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना उघडला, आणि सासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांना स्वतः तेथे नेऊ लागल्या. मुंढव्याच्या वस्तीतील गायकवाड नावाच्या दलित कुटुंबातील एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग लागला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

प्रत्येक आजीला असे मरण येत नाही. बहुतेकींचा खर्च थोडा थोडा होतो : एका रात्रीची झोप, एका दिवसाची मजुरी, सुनेपुढे कबूल केलेली एक चूक. हिशेब मात्र एकाच वहीत होतो.

८. बोध

तीमथ्याला लिहिताना पौल त्याच्या आजीचे, लोईसचे, नाव घेतो आणि म्हणतो की जो विश्वास आधी तिच्यात होता तो तुझ्यातही आहे. आजीचे खरे स्मरण याला म्हणावे. जे तिच्यात होते ते आपल्यात आले की नाही, हाच प्रश्न. यास्तव उपदेशकांस आमची विनंती अशी :

पहिली, मंडळीतील वृद्ध स्त्रिया जिवंत आहेत तोवरच त्यांच्यापाशी बसा. त्यांनी काय केले एवढेच विचारू नका. काय करावयाचे सोडले आणि का सोडले, हेही विचारा व लिहून ठेवा.

दुसरी, स्मरणाच्या दिवशी खरे सांगा. मृताची निंदा करू नये हे बरोबर; पण त्याने स्वतः कबूल केलेली व सुधारलेली चूक सांगणे ही निंदा नव्हे, साक्ष आहे.

तिसरी, अशा उपासनेच्या शेवटी चहाबरोबर एक धडाही वाढा. उदाहरणार्थ हगवणीचे पाणी. उकळून गार केलेले एक लिटर स्वच्छ पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळावे. मीठ अधिक पडू देऊ नये. हे पाणी मुलाला घोट घोट, वारंवार पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये. आशाताईंपाशी तयार पुडी व जस्ताच्या गोळ्या मिळतात. पुडी मिळाल्यास तीच बरी, आणि गोळ्या हगवण थांबली तरी चौदा दिवस पुऱ्या द्याव्या. मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मलात रक्त दिसले किंवा ते काहीच पिईना, तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.

चौथी, तरुण आशाताई व नर्सबाई यांना मान द्या. "कालची पोर" म्हणून त्यांना हसणारी म्हातारी जितकी चुकते, तितकाच त्यांच्याकडे पाठ फिरविणारा पुढारीही चुकतो.

आमच्या काकू आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरी मुलाला हगवण लागली, तेव्हा त्या तांब्या व वाटी घेऊन गेल्या आणि त्या तरुण आईला म्हणाल्या, "माह्या सासूनं शिकवलं हे." पुढे काय झाले होते तेही त्यांनी सांगितले, काहीही गाळले नाही. मूल वाचले. ज्या स्त्रीचा पेला त्या रात्री आजीने अडविला होता, तिच्याच हाती आज आजीचा दिवा आहे. आम्ही पाळक असून जे स्मरण करू शकलो नाही, ते काकूंनी एका तांब्याभर पाण्याने केले.

विचारासाठी प्रश्न

१. आजी असणे व दाई होणे यांत नामीच्या गोष्टीवरून कोणता भेद दिसतो?
२. डोणगावच्या आजीने सुनेपुढे चूक कबूल केली नसती, तर तिच्या शिक्षणाचा गल्लीला किती उपयोग झाला असता?
३. आपल्या गावी बाळ-बाळंतिणीविषयीच्या कोणत्या जुन्या चाली चांगल्या आहेत व कोणत्या सोडावयास हव्या?
४. आपल्या मंडळीतील कोणत्या वृद्ध स्त्रीपाशी या आठवड्यात आपण जाऊन बसाल, आणि तिला काय विचाराल?